हौसेची यंत्रनौका आणि तिची निगा

कोंकणच्या खाडीकाठीं ज्यांचीं मूळ घरें आहेत, परंतु जी नोकरीधंद्यानिमित्त मुंबईपुण्यास स्थायिक झालेली आहे, अशा कांहीं तरुण मंडळींत अलीकडे एक नवी हौस दिसूं लागली आहे. सुट्टींत गांवीं आल्यावर घरच्या माणसांसह खाडींत फेरफटका करतां यावा, म्हणून ही मंडळी स्वतःची लहानशी यंत्रनौका बाळगूं लागली आहे. फायबरची, सोळा-अठरा फूट लांबीची, सहासात माणसांस पुरणारी, आणि मागच्या फळीवर पेट्रोलचें एंजिन टांगलेली. या हौसेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमच्या पणजोबांच्या काळीं समुद्रोल्लंघनास प्रायश्चित्त सांगत असत. त्यांच्या वंशजांनीं सुकाणू हातीं धरावें यांत आम्हांस कौतुकच वाटतें. तक्रार आहे ती निराळीच. होडी विकणारा तिचा वेग सांगतो, बैठकीची गादी दाखवितो, आणि निगा कशी राखावी याविषयीं एक जाडजूड पुस्तक हातीं देऊन मोकळा होतो. तें पुस्तक थंड देशांतील लोकांनीं थंड देशांतील लोकांसाठीं लिहिलेलें असतें. हिंवाळ्यांत सरोवर गोठण्यापूर्वीं काय करावें याचीं त्यांत पानेंच्या पानें असतात. आपल्या मृगाच्या पावसाविषयीं एक ओळहि नसते.

आमच्या भाच्याची अशी एक होडी गेलीं सात वर्षें आमच्या देखरेखीखालीं आहे. संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरास एंजिनांतलें काय कळतें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच, कीं जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसास आदेश दिसला कीं त्याचा स्थानी शोधण्याची संवय जडलेली असते, आणि यंत्राच्या बाबतींत याहून अधिक उपयोगी संवय आम्हांस आढळलेली नाहीं.

होडीच्या पाठीमागें टांगण्याचें एंजिन नॉर्वेंत जन्मलेल्या ओली एव्हिनरूड या कारागिरानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९०९ च्या सुमारास बाजारांत आणलें आणि लोकप्रिय केलें. त्याची खुबी अशी, कीं एंजिन, उभा दांडा, दातेरी चाकें आणि पंखा हें सारें एकाच सांगाड्यांत बसविलेलें असून तें होडीवरून काढून ठेवतां येतें. मोटारीचें एंजिन आपलें पाणी आपल्याच रेडिएटरांत खेळवितें. हें एंजिन मात्र ज्या पाण्यांत उभें असतें तेंच पाणी ओढून घेऊन अंग थंड करतें व पुन्हां बाहेर टाकतें. म्हणजे खाडींत तासभर हिंडून आलांत, कीं एंजिनाच्या नसानसांतून खारें पाणी फिरलें असें समजावें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतें, क्षार मागें राहतात, आणि बारीक वाटांतून त्यांचा थर बसूं लागतो. होडीचें आयुष्य समुद्रांत कमी होत नाहीं. तें कमी होतें परत आल्यानंतरच्या पहिल्या तासांत, जेव्हां मंडळी दमून आंघोळीस जातात आणि होडी तशीच अंगणांत उभी राहते.

तेव्हां पहिला नियम हा, कीं यजमानाच्या आधीं एंजिनाची आंघोळ झाली पाहिजे, आणि तीहि गोड्या पाण्यानें. एंजिनाच्या खालच्या अंगास पाणी ओढण्याच्या जाळ्या असतात. त्यांवर बसणारीं दोन रबरी झांकणें मिळतात. त्यांस बागेची नळी जोडावी, प्रथम पाणी सोडावें, मग एंजिन मंद गतीनें चालू करावें, आणि दहाएक मिनिटें तसेंच चालूं द्यावें. इतका वेळ यासाठीं, कीं एंजिन तापल्यावांचून आंतील उष्णतानियामक पडदा उघडत नाहीं, आणि तो उघडल्यावांचून गोडें पाणी सर्व भागांत पोहोंचत नाहीं. पंखा फिरण्याचा संभव असल्यानें मुलांस त्या वेळीं दूर ठेवावें.

पाणी सोडण्यापूर्वीं एंजिन मात्र क्षणभरहि चालवूं नये. आंत पाणी खेंचणारी एक रबरी चक्री असते. तिच्या पाकळ्या धातूच्या भांड्यास घांसून फिरतात, आणि पाणी हेंच त्यांचें वंगण. कोरडी फिरली तर ती पाहतां पाहतां जळते. चालू एंजिनाच्या पाठीमागून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती एंजिनाची नाडी होय. धार बारीक झाली, तुटक झाली किंवा कढत येऊं लागली, तर तात्काळ एंजिन बंद करून कारण शोधावें. रबरी चक्री चांगली दिसो अथवा न दिसो, एकदोन वर्षांनीं बदलून टाकावी. तिची किंमत एंजिनाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं, परंतु घरोघर अनुभव असा, कीं एंजिनास लाखों रुपये मोजणारा मनुष्य चक्रीस मात्र आणखी एक वर्ष काढावयास लावतो.

आतां गंजाविषयीं. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथांत, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगितलें आहे. कारण दिलें आहे तें असें, कीं समुद्रांतील लोहचुंबक पाषाण अशी नौका ओढून घेतात. कारण चुकलें आहे हें उघड आहे. पण निष्कर्ष अगदींच टाकाऊ नव्हे, कारण चुंबकानें नव्हे तरी खाऱ्या पाण्यानें लोखंड ओढून नेलेंच असतें. या गोष्टीचा खरा उलगडा विजेच्या अभ्यासानें झाला. दोन भिन्न धातु एकमेकांस लागून खाऱ्या पाण्यांत ठेवले, कीं त्यांची एक लहानशी बॅटरीच बनते, आणि त्यांतील जो धातु अधिक क्रियाशील तो झिजूं लागतो. ब्रिटिश आरमाराच्या लांकडी जहाजांचे तळ किड्यांपासून वांचावेत म्हणून त्यांवर तांब्याचे पत्रे मारीत, आणि ते पत्रे समुद्राच्या पाण्यानें खाल्ले जात. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यानें दाखवून दिलें, कीं तांब्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा एक लहानसा तुकडा जोडला तर झीज त्या तुकड्याची होते आणि तांबें शाबूत राहतें. या प्रयोगांत त्याचा साहाय्यक मायकेल फॅरडे होता. युक्ति शास्त्रदृष्ट्या पूर्णपणें खरी ठरली आणि व्यवहारांत फसली! झिजणाऱ्या तांब्याचे विषारी अंश पाण्यांत मिसळत, त्यामुळेंच आजवर तळावर शंखशिंपले बसत नव्हते. तांबें झिजेनासें झाल्यावर तळ शेवाळानें व शिंपल्यांनीं भरून गेला, जहाजें मंद झालीं, आणि थोड्याच वर्षांत आरमारानें ती योजना सोडली.

डेव्हीची ती युक्ति आज प्रत्येक यंत्रनौकेच्या अंगावर आहे. एंजिनाच्या खालच्या भागास जे करड्या धातूचे गट्टू बसविलेले असतात, ते झिजण्यासाठींच बसविलेले असतात; ॲल्युमिनियमच्या एंजिनाऐवजीं त्यांनीं आपला देह द्यावा, एवढेंच त्यांचें काम. खाऱ्या पाण्यास जस्ताचे गट्टू चालतात, गोड्या पाण्यास मॅग्नेशियमचे, आणि जेथें भरतीला खारें व पावसांत गोडें पाणी असतें अशा आपल्या खाड्यांस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अधिक सोयीचे. अर्धा गट्टू झिजला कीं नवा बसवावा. मुळींच झिजला नाहीं तर आनंद मानूं नये; त्याचा अर्थ त्याचा एंजिनाशीं धातूचा संबंध तुटला आहे आणि दुसरें कांहीं तरी झिजत आहे. आमच्या पाहण्यांत एका उत्साही गृहस्थांनीं होडी रंगवितांना शोभेसाठीं गट्टूंवरहि पांढरा रंग दिला होता. रंगाखालीं गट्टू निकामी होतो, हें त्यांस पुढें एंजिनाच्या अंगावर पडलेल्या खड्ड्यांनीं सांगितलें.

पंख्याची निगा थोडक्यांत सांगतां येईल. वर्षांतून निदान दोनदां पंखा काढून दांडा पाहावा. खाडींत तुटलेल्या जाळ्यांची तंगूस पुष्कळ तरंगत असते; ती दांड्यास गुंडाळते, आणि तेल अडवून धरणारी रबरी कडी कापून टाकते. मग दातेरी चाकांच्या तेलांत पाणी शिरतें. तें तेल काढून पाहिलें असतां ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर पाणी शिरलें हें निश्चित; तेल नुसतें बदलून भागत नाहीं, कडीहि बदलावी लागते.

पेट्रोलच्या बाबतींत मात्र घरांतील वडील मंडळींनीं स्वतः लक्ष घालावें, कारण येथें प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड असते. मोटारींतून गळलेलें पेट्रोल रस्त्यावर उडून जातें. होडीचा तळ मात्र एखाद्या परातीसारखा, त्यामुळें तेथें ती वाफ साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून सुटी टाकी होडींत ठेवून कधींहि भरूं नये. काठावर उतरवून भरावी. ज्या होडीचें एंजिन आंत, झांकणाखालीं असतें, तिचा हवा ओढणारा पंखा चार मिनिटें चालवावा, झांकण उघडून वास घ्यावा, आणि मगच कळ दाबावी. असल्या होडींत मोटारीच्या दुकानांतील स्टार्टर स्वस्त पडतो म्हणून बसवूं नये. नौकेसाठीं केलेल्या वस्तूंत ठिणगी बाहेर न पडूं देण्याची योजना असते, मोटारीच्या वस्तूंत नसते. यांत काटकसर करणारास आम्ही काटकसरी म्हणत नाहीं.

शिवाय हल्लीं आपल्या देशांत पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि इथेनॉल हवेंतील दमटपणा शोषून घेतें. पाणी प्रमाणाबाहेर झालें, कीं पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशीं वेगळीं बसतात, आणि एंजिनाची नळी पेट्रोल घेते ती नेमकी तळाशींच. कोंकणच्या हवेंत तीन महिने पडून राहिलेलें पेट्रोल एंजिनांत घालणें म्हणजे शिळें अन्न पाहुण्यास वाढणें होय. पाणी वेगळें काढणारी गाळणी जरूर बसवावी, आणि हातानें दाबावयाचा रबरी फुगा व नळी यांस भेगा पडल्या आहेत काय हें दर महिन्यास बोटांनीं वांकवून पाहावें.

एवढें सगळें केलें म्हणजे एंजिन भर खाडींत बंद पडणार नाहीं काय? पडेल. चार वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर आलेला प्रसंग येथें सांगतों. होडींत सात माणसें होतीं, त्यांत तीन मुलें. दुपारीं चारच्या सुमारास, ओहोटी चालू असतांना, पाण्यांतील एक प्लास्टिकची पिशवी एंजिनाच्या जाळीस चिकटली. एंजिनानें भोंगा वाजवून इशारा दिला. चालविणारा तरुण म्हणाला, तो अधूनमधून वाजतोच. पांच मिनिटांनीं एंजिन बंद पडलें तें पुन्हां चालू होईना. होडी ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे जाऊं लागली, आणि तोंडाशीं वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. नांगर नव्हता, फराळाच्या डब्यांस जागा हवी म्हणून तो त्याच दिवशीं घरीं काढून ठेवला होता. वल्हें तर कधींच नव्हतें. मुलांच्या अंगांत तरंगण्याचीं जाकिटें होतीं, मोठ्यांचीं बैठकीखालीं होतीं. जाळें ओढून परतणाऱ्या एका मच्छीमार होडीनें त्यांस पाहिलें व दोर टाकला, तेव्हां दांडा दोनशें हातांवर राहिला होता. त्या होडीच्या वृद्ध तांडेलाची आम्ही पुढें मुद्दाम भेट घेतली. तो म्हणाला, “मास्तर, इंजिन बंद पडायचंच. पडल्यावर काय करायचं, तें बंदरावरच ठरवून निघायचं.”

होडींत सामान काय असावें याचें सूत्र त्या तांडेलाच्या वाक्यांत आलें आहे. सर्वांत पहिला नांगर. गळ्यांतील ताईताएवढा शोभेचा नव्हे, होडीच्या वजनास साजेसा, त्यास कांहीं फूट साखळी, आणि पुढें पाण्याच्या खोलीच्या पांच ते सातपट लांबीचा दोर. दोर आंखूड असला तर नांगर उचकटला जातो. आडव्या ओढीनेंच तो तळांत रुततो. दोराचें दुसरें टोंक होडीस बांधलेलें आहे ना हें निघण्यापूर्वीं पाहावें. हंसूं नये, न बांधलेला नांगर दोरासकट तळाशीं गेल्याचीं उदाहरणें प्रत्येक बंदरांत ऐकूं येतात. नांगर नाळेशीं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोंकाशीं, बांधावा. मागून बांधल्यास लाटा मागच्या बुटक्या फळीवरून आंत येतात. त्यानंतर दोन वल्हीं, एक बादली, पन्नास फूट ओढदोर, शिट्टी, पाण्यांत चालणारी विजेरी, गोडें पाणी, आणि भ्रमणध्वनी ठेवण्यास पाणबंद पिशवी. भारतीय तटरक्षक दलाचा साहाय्यक्रमांक १५५४ हा होडीच्या आंतल्या अंगास रंगानें लिहून ठेवावा. खाडीबाहेर जाणारानें नौकांचा बिनतारी संच घ्यावा. त्यावर संकटाची हांक सोळाव्या वाहिनीवर देतात.

चालविणाराच्या मनगटास किंवा जाकिटास अडकविण्याची एक लाल दोरी एंजिनाबरोबर येते. तो पाण्यांत पडला तर दोरी निसटते आणि एंजिन थांबतें. नाहीं तर रिकामी होडी गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते आणि पंखा आपलें काम करतो. अमेरिकेंत २६ फुटांहून लहान होड्यांवर अशा योजनेचा वापर १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानें सक्तीचा आहे. आपल्याकडे ही दोरी बहुधा खुंटीस टांगलेली दिसते.

जाकिटांविषयीं गृहिणींनीं पुढाकार घ्यावा असें आम्ही सुचवितों, कारण मुलांच्या अंगाचें माप त्यांस अधिक ठाऊक असतें. मोठ्याचें जाकीट लहान मुलास घातलें तर पाण्यांत जाकीट वर राहतें व मूल खालून निसटतें. मुलाच्या जाकिटास दोन पायांमधून घेण्याचा पट्टा असावा. घातल्यावर खांद्याशीं धरून मुलास वर उचलून पाहावें. जाकीट कानांपर्यंत सरकलें तर तें त्याच्या मापाचें नव्हे. आणि जाकीट अंगांत पाहिजे, बैठकीखालीं नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर, एंजिनाची चांचणी चालू असतांना ताबा सुटलेली नौदलाची वेगनौका आदळली आणि डझनाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. प्रवाशांपैकीं अनेकांच्या अंगांत जाकिटें नव्हतीं. त्या दिवशीं वादळ नव्हतें, अंधार नव्हता, मुंबईचा किनारा डोळ्यांसमोर होता. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसनजीक बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची आठवण ज्या घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, त्या घरांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

विजेच्या तारा कलई केलेल्या तांब्याच्या असाव्यात. साध्या तांब्याची तार आवरणाच्या आंतून हिरवी व काळी पडत जाते, आणि बाहेरून पाहणारास पत्ताहि लागत नाहीं. तळांत साचणारें पाणी उपसणारा पंप आपोआप चालणारा असला तरी पंधरवड्यास एकदां बादलीभर पाणी ओतून तो खरोखर चालतो कीं नाहीं हें पाहावें. रात्रीं होडी चालविण्याच्या फंदांत हौशी मंडळींनीं पडूं नये; तरीहि उशीर झालाच तर उजव्या बाजूस हिरवा, डाव्या बाजूस तांबडा आणि पांढरा असे दिवे लागतात कीं नाहीं, हें दिवसाच पाहून ठेवावें. होडीच्या तळास पाणी काढून टाकण्याचें एक बूच असतें. घरीं आल्यावर तें काढावें आणि पाण्यांत उतरण्यापूर्वीं लावावें. हें सांगावयाची लाज वाटते, परंतु हौशी होडीच्या धक्क्यावरच बुडण्याचें हें एक नेहमींचें कारण आहे. आमच्या भाच्याकडे तें बूच मोटारीच्या किल्लीच्या जुडग्यासच अडकविलेलें असतें.

भरती-ओहोटीचें वेळापत्रक आतां भ्रमणध्वनीवर मिळतें, पण घरांत पंचांग आहे तोंवर अडण्याचें कारण नाहीं. तिथीचा अंक पाऊणपट करावा. येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. दोन्ही पक्षांस हिशेब एकच. स्थळपरत्वें अर्धापाऊण तासाचा फरक धरावा. पूर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मुलेंमाणसें घेऊन हिंडण्यास भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याची ओढ कमी असते. आणि परतीची वेळ भरतीच्या ओढीबरोबर येईल असें बेतावें, म्हणजे एंजिन रुसलें तरी पाणी घराकडेच आणतें.

राहिली पावसाळ्याची व्यवस्था. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, आणि त्यापूर्वींच कोळी-खारवी आपल्या होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. आपणहि मेच्या तिसऱ्या आठवड्यांत हेंच करावें. एंजिनास गोडें पाणी देऊन झाल्यावर सिलिंडरांत संरक्षक तेल फवारावें. दातेरी चाकांचें तेल आतांच बदलावें, श्रावणांत नव्हे, कारण त्यांत पाणी असल्यास तें दोन महिने पोलाद खात बसतें. सुटी टाकी रिकामी करावी. एंजिन उभें ठेवावें, म्हणजे आंतील पाणी निथळतें. होडीची नाळ उंच व मागची बाजू खालीं ठेवून बूच काढावें. बॅटरी घरांत आणून कोरड्या जागीं ठेवावी व महिन्यास एकदां भरावी. आच्छादन घट्ट बांधूं नये. दोन बाजूंनीं वारा खेळूं द्यावा, नाहीं तर गाद्यांवर बुरशीची शेती होते. नळ्यांचीं तोंडें कापडानें बंद करावीं, कारण उंदीर आणि मुंग्या यांस असल्या जागा फार आवडतात. जी होडी वर्षभर पाण्यांतच असते तिच्या तळाचे शिंपले याच वेळीं खरवडून ताम्रयुक्त रंग द्यावा. पूर्वीं अशा रंगांत जें कथलाचें विषारी संयुग असे, त्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे; कोठें जुना डबा पडून असला तर तो वापरूं नये. चाकांच्या गाड्यावरून होडी नेणारांनीं चाकांतील वंगणहि बदलावें, आणि लांबून आल्यावर गाडा लगेच पाण्यांत घालूं नये. तापलेली चाकें एकदम थंड झालीं कीं आंत पाणी ओढून घेतात.

एक वही घालावी. दुधाच्या हिशेबाच्या वहीसारखी साधी: तारीख, एंजिन किती तास चाललें, काय बदललें, काय खटकलें. सागरी मंडळाकडील नोंदणीचे व विम्याचे कागद तिच्यांतच ठेवावे. एंजिनदुरुस्तीस येणारा माणूस दरवेळीं निराळा असतो, आणि मागच्यानें काय केलें हें त्यास वहीखेरीज कोणी सांगूं शकत नाहीं.

नारळी पूर्णिमेस नारळ वाहून झाला म्हणजे समुद्र लगेच निवतो असें नाहीं. भाद्रपद सरेपर्यंत हौशी मंडळींनीं खाडीच्या तोंडाबाहेर जाऊं नये. होडी प्रथम पाण्यांत घालाल तेव्हां ती धक्क्यास बांधून ठेवूनच एंजिन चालू करावें, आणि दहा मिनिटें पाठीमागची धार पाहात उभें राहावें. पहिल्या फेरीस मुलांस नेऊं नये. पोहतां येणारा एक जाणता सोबती, नवें पेट्रोल आणि नांगर एवढें घेऊन, भरती अजून चढत असतांना अर्धा मैल वर जाऊन परत यावें, आणि परत आल्यावर तळाचें झांकण उघडून आंत पाणी किती आलें तें मोजावें.